कौसल्येचा पाट

आम्ही दोघांनी धडधाकटपणी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे बीबी गावच्या बाजारात बांगड्या भरणं. मिळून म्हणजे काय, तर ती बांगडीवाल्यापुढे बसली आणि मी वीस पावलं लांब, दोरखंडं विकणाऱ्याजवळ, तिच्याकडे पाठ करून उभा राहिलो. बायको बांगड्या भरत असते तिथं गड्यानं रेंगाळू नये, अशी आमच्याकडची रीत. भरून झाल्यावर तिनं हाक मारली नाही. हात वर करून नुसत्या वाजवल्या. हिरव्या होत्या. मी मान हलवली. मग भजे खाल्ले. तिनं तिच्या पुड्यातले, मी माझ्या.

गाडी जुंपताना ती म्हणाली, "मले पुढं बसू द्या ना. मांगं गचके लय बसतेत."

मी म्हणालो, "बाईमाणूस पुढं बसते काय? लोकं काय म्हणतीन?"

ती मागे बसली, सरकीच्या पोत्यावर. गावाच्या अलीकडे नाला आहे. त्यात चाक एका दगडावर चढलं आणि उतरलं. एवढंच झालं. मी बैलांना सांभाळलं, गाडी वर काढली आणि मागे वळून पाहिलं. पोतं होतं, ती नव्हती. ती नाल्यात पडली होती आणि डोक्याखाली दगड होता.

लोक काय म्हणतील म्हणून तिला मागे बसवलं. लोक तिथं नव्हतेच. नाल्यात आम्ही दोघं होतो आणि दोन बैल.

*

मी चौथी शिकलेला माणूस आहे. ज्यांच्या घरी डोक्याला मार लागून वाचलेलं माणूस आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. माझ्या वेळेस मला कोणी काही सांगितलं नाही, त्याचा राग अजून गेलेला नाही. माझी पोरगी वच्छी हिनं हे वाचून माझ्या वाक्यांतल्या 'मले'चं 'मला' केलं, तेवढं करू दिलं. बाकी ती म्हणते, "बाबा, जरा गोड लिहा." गोड लिहायला मी काही लग्नाची पत्रिका छापत नाही.

कौसल्या त्या मारानंतर तेरा वर्षं जगली. डॉक्टरनं सहा महिने सांगितले होते.

*

नवीन महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. देऊळगाव राजापर्यंत गाडीत, तिथून जालन्याला एका माल नेणाऱ्या ट्रकमध्ये, आणि जालन्याहून पुढे मोठ्या शहरातल्या दवाखान्यात. दवाखान्याचं नाव घालत नाही. त्यांनी तिला वाचवलं, ते मी विसरलो नाही. पण जे झालं ते सांगतो.

मला बाहेर बसवलं. थोड्या वेळानं एक सिस्टर आली आणि माझ्या हातात कागदाची पुडी दिली. उघडली तर आत मंगळसूत्र. मी तिथंच भिंतीला टेकलो. माझी समजूत झाली की संपलं. सिस्टर तोवर निघूनही गेली. अर्धा तास मी मेलेल्या बायकोचा नवरा होऊन बसलो होतो. मग एक झाडूवाली बाई म्हणाली, "ऑपरेशनच्या आधी काढतात हो काका. सगळ्यांचंच काढतात." एवढं वाक्य बोलायला त्या सिस्टरला किती वेळ लागला असता?

डोक्याला हात घालायचा म्हणून केस काढले. हात सुजले म्हणून बांगड्या फोडल्या. कपाळ पुसलं. हे सगळं करावंच लागतं, हे चाळिशीच्या माणसाला समजत नाही असं नाही. विचारलं असतं तर हो म्हणालो असतो. पण विचारायला पाहिजे होतं. दोन दिवसांनी मला आत सोडलं तेव्हा खाटेवर पडलेली बाई कोणाची तरी विधवा वाटत होती, आणि नवरा मीच होतो.

मोठा डॉक्टर घाईत होता. म्हणाला, "सहा महिने काढले तरी खूप. आणि जगली तरी ती पहिली बाई राहणार नाही." पहिली गोष्ट खोटी निघाली, दुसरी खरी. पण पहिली राहणार नाही म्हणजे कशी राहील, हे त्यानं सांगितलं नाही. घरी पाठवताना टाके कसे धुवायचे ते समजावून दिलं. बाई कशी सांभाळायची ते कोणाला माहीत नव्हतं, की माहीत असून सांगायचं नव्हतं, देव जाणे.

एक लहान डॉक्टर मात्र भला होता. तो म्हणाला, "त्यांना नावानं हाक मारत जा. रोज, मोठ्यानं, कानाशी."

मी म्हणालो, "नावानं नाही मारत मी."

"मग काय म्हणता?"

"वच्छीची माय म्हणतो."

"तसंही म्हणा. पण त्यांचं नाव घ्या. स्वतःचं नाव माणसाला सगळ्यात आधी ऐकू येतं."

लग्नात उखाणा घेतला तेव्हा एकदा तिचं नाव माझ्या तोंडून निघालं होतं. त्याला वीस वर्षं झाली होती. आता वीस खाटांच्या हॉलमध्ये सगळ्यांसमोर म्हणायचं होतं. मी तिच्या कानाशी तोंड नेऊन पुटपुटलो. शेजारच्या खाटेवर पाय मोडलेले एक मुसलमान चाचा होते. ते म्हणाले, "अरे भाई, ज़ोर से बोल. बीवी है तेरी, चोरी का माल थोड़ी है."

हॉल हसला. मी पण हसलो, किती दिवसांनी कोण जाणे. आणि मोठ्यानं म्हणालो, "कौसल्या." त्या दिवसापासून ती जाईपर्यंत मी तिला दुसऱ्या कोणत्या नावानं बोलावलं नाही. गावात त्यावरही टवाळी झाली.

पुष्कळ दिवसांनी एका सकाळी तिनं डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "बांगडी."

मी सगळ्या हॉलला सांगत सुटलो की तिला आठवतंय, बाजार आठवतोय. तसं काही नव्हतं. तेवढा एकच शब्द तिच्याजवळ उरला होता.

*

दीड-दोन महिन्यांनी घरी निघालो. उजवा हात आखडलेला, उजवा पाय ओढत. देऊळगावच्या स्टँडवर तिला बाकावर बसवलं आणि पाणी आणायला वळलो, तेवढ्यात पदर सरकला. डोकं उघडं पडलं. केस नाहीत, कपाळ कोरं, हात मोकळे. शेजारच्या बाईनं चुकचुक करून मला विचारलं, "कवा वारला हो हिचा मालक?"

मी म्हणालो, "तो मीच हाओ."

ती बाई उठून दुसऱ्या बाकावर गेली. मी मेलो नाही याचा तिला राग आल्यासारखा.

गावात आमच्याआधी बातमी पोचली होती. बोडकी हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा माझ्या घराच्या संबंधात ऐकला. नवरा जिवंत असताना बोडकी झाली, म्हणजे पाप मोठं असणार, असं ठरलं.

*

पहिलं वर्ष सगळ्यालाच बांगडी. तहान लागली, बांगडी. वच्छीची वेणी वाकडी आली, बांगडी. मी शेतातून उशिरा आलो तर दारातच तीनदा, बांगडी, बांगडी, बांगडी, आणि तिसरी अशी की शिवी परवडली. मला आवाजावरून कळायला लागलं. लोकांना ती बडबड वाटायची. मी सांगतो, ती बडबड नव्हती. तिला जे म्हणायचं ते आत पूर्ण होतं, बाहेर येताना एकाच दारातून यावं लागत होतं.

राग फार यायचा तिला. एकदा तांब्या फेकून मारला, माझ्या भुवईवर खूण आहे. आधीची कौसल्या पायाखाली मुंगी आली तर पाऊल बदलणारी. लोक म्हणाले, अंगात आलं, अमक्या ठिकाणी ने, तमक्याचा दोरा बांध. मी एकदा नेलं. खोटं कशाला सांगू. त्या माणसानं तिच्या बऱ्या न झालेल्या डोक्यावर कडुलिंबाच्या डहाळीनं मारलं. मी तिला उचलून आणलं आणि परत कुठे नेलं नाही.

फिट यायच्या. फिट आली की सारी गल्ली धावायची, आणि प्रत्येकाच्या हातात चप्पल. हुंगवा, हुंगवा. तेरा वर्षांत चप्पल हुंगवणारे शंभर भेटले. कुशीवर वळवून, डोक्याखाली घडी ठेवून गप बसणारी माणसं दोन, एक मी आणि एक वच्छी. गोळ्या जालन्याहून आणाव्या लागत. आमच्या मार्गावरचा एक एस.टी. कंडक्टर दर महिन्याला बाटली आणून द्यायचा आणि बस थांबवून विचारायचा, "बरी हाये ना बाई?" आमच्या गल्लीनं हे कधी विचारलं नाही. त्या माणसाची दोनदा बदली झाली, तरी बाटली येत राहिली.

आता एक गोष्ट सांगतो, ती नीट वाचा. रोज सकाळी कौसल्येला कुंकू मी लावायचो. उजवा हात चालत नव्हता म्हणून. एक दिवस तिनं माझ्या हातातून पितळेचा करंडा हिसकला आणि भिंतीवर आपटला. मी चिडलो, बोललो, ते इथं लिहीत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी मी करंडा तिच्या पुढे ठेवला आणि तिच्याकडे नुसता पाहत बसलो. तिनं तो दोन गुडघ्यांत धरला आणि डाव्या हातानं झाकण काढायला लागली. झाकण घट्ट. निघेना. मी हात पुढे केला तर "बांगडी!" मी हात मांडीखाली घालून बसलो. बैल सोडायचे राहिले, ऊन अंगणात आलं. झाकण निघालं. कुंकू नाकावर, गालावर, लुगड्यावर सांडलं, पण थोडं कपाळावर पण लागलं. त्यानंतर रोज तिचं तीच.

सगळ्यात मोठं औषध हेच, आणि ते कोणत्या दवाखान्यात मिळालं नाही. हात मांडीखाली घालून बसायचं.

*

शेजारच्या द्वारकावहिनींबद्दल लिहिताना मी न्यायानं लिहीन. आम्ही परतल्यावर पहिला महिनाभर त्यांनी दोन वेळच्या भाकरी पाठवल्या. त्या भाकरी मी विसरणार नाही. पण गल्लीतल्या बायकांचं सगळं देवाधर्माचं त्यांच्या हातात, आणि पाटाचं त्यांनीच केलं.

आमच्याकडे नवरात्रात घरोघरी सवाष्ण जेवू घालतात. पाय धुवायचे, पाटावर बसवायचं, कुंकू लावायचं, ओटी भरायची, मग वाढायचं. जिचा नवरा जिवंत ती सवाष्ण, एवढीच अट. कौसल्येचा नवरा जिवंत होता. पण त्या वर्षी एकाही घरातून बोलावणं आलं नाही. आधी एका दिवसात तीन घरी जेवायची, तिसऱ्या घरून पोट धरून यायची.

मी कुंपणाशी जाऊन विचारलं. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, केस येऊ द्या, मंग पाहू."

केस आले. पुढच्या वर्षी विचारलं. "अवो, हातात बांगड्या नाईत. कसं बलावू?"

मी बांगडीवाला घरी आणला आणि या वेळेस लांब उभा राहिलो नाही, तिचा हात धरून बसलो. उजव्या हाताची मूठ आवळलेली, बांगडी जाईना. डावा हात भरला. तिसऱ्या वर्षी, "एकाच हातात? ते अशुभ दिसते."

चौथ्या वर्षी, "ओटी घेता घेता फिट आली तं?"

पाचव्या वर्षी मी विचारलं नाही.

वाती मात्र चालत होत्या. कापूस आमच्याच शेताचा. पाय पसरून नडगीवर डाव्या हाताच्या तळव्यानं ती अशी वात वळायची की दोन हातांच्या बायकांना जमणार नाही. सगळ्या गल्लीला वाती कौसल्येच्या. देवळातही त्याच. नवरात्रात नऊ दिवस द्वारकावहिनींच्या देवापुढे अखंड दिवा जळायचा तो कौसल्येच्या वातीवर. देवाला तिच्या हाताची वात चालायची आणि माणसांना तिच्या बुडाखाली पाट चालत नव्हता. वच्छीला हे वाक्य काढायचं होतं. मी राहू दिलं.

*

आता माझं पाप.

वच्छीचं लग्न ठरलं, हिवरा आश्रमाजवळच्या गावात. आदल्या दिवशी भावकीतली चार माणसं आली. म्हणाली, कन्यादानाला तुमच्या दोघांऐवजी तुमच्या भावाला आणि भावजयीला बसवा. मांडवात कौसल्येला फिट आली, भर मंगलाष्टकात बांगडी म्हणून ओरडली, तर पोरीचं काय होईल? पोराकडचे उठून जातील. लोक काय म्हणतील?

नाल्यातल्या त्या दिवसानंतर हे तीन शब्द मी पुन्हा तोंडातून काढणार नव्हतो. त्या दिवशी काढले नाहीत, पण ऐकून घेतले. हो म्हणालो.

वच्छीच्या हातावर पाणी दुसऱ्यांनी सोडलं. कौसल्या मागच्या खोलीत होती. मी तिथं गेलो तेव्हा ती वाती वळत बसली होती. तोवर तिला चार-पाच शब्द परत आले होते. वच्छी, चाल, नको, आता. तिनं बाहेरच्या वाजंत्रीकडे बोट केलं, मग स्वतःच्या छातीवर ठेवलं आणि म्हणाली, "वच्छी. आता."

मी म्हणालो, "हाव. झालं. बस इथंच."

तिनं तांब्या फेकला नाही. फेकायला पाहिजे होता.

*

एकाच घरी तिला पाट मिळाला, आणि तिथं पाटच नव्हता. बौद्ध वस्तीतली शेवंताबाई आधी कापसाच्या वेचणीला कौसल्येच्या ओळीत असायची. तिच्या नातीचं नाव ठेवायचं होतं, तेव्हा ती घरी येऊन सांगून गेली. "काका, दोघंबी या. आमच्यात पाट-गिट काई राह्यलं नाई आता. सतरंजी हाये, बसायचं अन् जेवायचं."

गेलो. शेवंतानं बाळ कौसल्येच्या मांडीवर दिलं, आखडलेल्या हाताच्या बाजूनं स्वतःचा हात लावून. कोणी श्वास रोखला नाही. बाळ रडलं तेव्हा कौसल्या म्हणाली, "नको, नको," आणि सगळ्या बायका हसल्या, ती पण हसली. जेवताना शेवंता म्हणाली, "एक काम करा काका, रोज जेवताना तिच्याजवळ भाजीचं नाव इचारा. अन् सांगू नका. सांगसान तं तिच्या तोंडचं हिसकसान." न शिकलेल्या बाईनं मला डॉक्टरपेक्षा जास्त सांगितलं. कौसल्येला वांगं हा शब्द असाच आला. दोन महिने लागले.

वस्तीत जेवून आलो म्हणून गावात आठ दिवस चर्चा. मी म्हणालो, चर्चा करा, बोलावणं तर तुम्ही करत नाही.

*

तेराव्या वर्षी, कौसल्या जायच्या दोन-तीन महिने आधी, द्वारकावहिनींची सून मंदा घराच्या धाब्यावर मिरच्या वाळत घालताना पाय घसरून खाली पडली. तिलाही नेलं, तिचंही डोकं उघडलं, ती पण वाचली. एका संध्याकाळी गाडी आली आणि तिला पाठीमागच्या दारानं आत घेतलं. गल्लीत सांगितलं, माहेरी गेली. पण आमच्या दोन घरांमध्ये एकच भिंत आहे. भिंतीपलीकडून पाय ओढत चालल्याचा आवाज मला ओळखायला कोणी शिकवावं लागत नाही.

एक दिवस वहिनी कुंपणाशी आल्या. इकडेतिकडे पाहून म्हणाल्या, "भाऊजी, अशा बाईचे केस कवा येतेत परत?"

मी म्हणालो, "केस येतेत सहा महिन्यात. दुसरं इचारा काई."

"दुसरं काय इचारू?"

"बोलते काय ती? नावानं हाक मारता काय? हातानं खाऊ देता काय?"

त्या पदर सारखा करत निघून गेल्या. मी मागून जायला पाहिजे होतं. गेलो नाही. मला आतून बरं वाटलं होतं, की आता कळू दे. इतका मी कडू झालो होतो. भिंतीपलीकडे तेवीस वर्षांची पोर होती, आणि मी हिशेब चुकता होताना पाहत बसलो.

*

पौषात कौसल्येला ताप भरला. तीन दिवस. शेवटच्या दिवशी मिळवलेले सगळे शब्द गेले आणि पुन्हा एकच राहिला. वच्छी आली होती, तिच्या तोंडाकडे पाहून तो म्हणाली. माझ्याकडे पाहून म्हणाली. दुपारी गेली.

आणि मग त्या आल्या. सगळ्या गल्लीच्या बायका. हिरवं लुगडं, खण, नारळ, हळदीकुंकवाची ताटं. नवऱ्याच्या आधी गेली, अहेव गेली, भाग्याची. अशा बाईची ओटी भरली तर पुण्य, तिच्या कपाळाचं कुंकू आपल्या कपाळी लावलं तर सौभाग्य वाढतं. रांग लागली. ज्या पाटावर तेरा वर्षं बसवली नाही, तो पाट द्वारकावहिनींनी घरून आणून तिच्या डोक्याशी मांडला, वर दिवा ठेवला. दिव्यात वात तिचीच.

"नशीबवान हो बाई," वहिनी म्हणाल्या. "सवाष्ण गेली."

मी उभा राहिलो. तोंडात काय आलं होतं ते मला माहीत आहे. वच्छीनं माझा हात धरला. "बाबा, आज नोका. आईले सुखानं जाऊ द्या."

मी बसलो. लोकांपुढे नमलो ते तिसऱ्यांदा. नाल्यात, मांडवात आणि आता. शेवंता अंगणाच्या कडेला उभी होती, तिला कोणी आत ये म्हटलं नाही. तिनं ओटी आणली नव्हती. ती रडत होती, आणि मला वाटतं त्या सगळ्या गर्दीत कौसल्येसाठी रडणारी वच्छी सोडून ती एकटी.

द्वारकावहिनींनी कौसल्येच्या कपाळावरचं चिमूटभर कुंकू आपल्या डबीत घेतलं. हळूच म्हणाल्या, "आमच्या मंदीले लावीन. तिची पीडा जाईन."

*

सकाळी उठलो आणि सवयीनं करंडा काढून खाटेपुढे ठेवला. मग लक्षात आलं. थोडा वेळ तिथंच बसलो. मग करंडा उचलला आणि द्वारकावहिनींच्या दारात जाऊन उभा राहिलो. अंगावर आदल्या दिवशीचंच धोतर होतं.

वहिनी सडा टाकत होत्या. बादली तशीच राहिली. "भाऊजी, सुतकात कुठं आले? उंबऱ्याच्या भाइर राहा."

"भाइरच हाओ. मंदाले बलावा."

"ते काऊन?"

"तेराव्याले सवाष्ण सांगाले आलो."

"गडीमाणूस सवाष्ण सांगते काय कुठं? वच्छीले पाठवायचं. अन् सुतक फिटू द्यायचं."

"वच्छी सांगन दुसऱ्याईले. हिले मी सांगतो."

वहिनींनी गल्लीत दोन्हीकडे पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "तिच्या डोक्शावर केस नाईत अजून. लोकं काय म्हणतीन?"

"तुमी म्हणलं तेच म्हणतीन. तेरा वर्सं मी ऐकलं, आता तुमी ऐका. लय तं काय होते? कोणी मरत नाई त्यानं. माझ्या घरी पहिला पाट मंदाचा. तिचा नवरा जिता हाये, अन् तीबी जिती हाये."

मी उंबऱ्याबाहेरूनच हाक मारली, जशी त्या हॉलमध्ये मारली होती. "मंदा."

आत काही हललं. पुन्हा मारली. पाय ओढल्याचा आवाज आला, भिंत धरून ती दारापर्यंत आली. डोक्यावर पदर घट्ट ओढलेला. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि ओठ हलवले. काही निघालं नाही. मी घाई केली नाही.

मी करंडा उंबऱ्यावरून तिच्या डाव्या हातात दिला. ती दाराला टेकून खाली बसली, करंडा मांडीत धरला आणि झाकणाला बोटं लावली. बोटं घसरली. पुन्हा लावली. वहिनी पुढे झाल्या, हात लांबवला.

"थांबा वहिनी," मी म्हणालो. "तिले उघडू द्या."

त्या थांबल्या. मी सड्याच्या ओल्या जमिनीवर बसलो आणि दोन्ही हात मांडीखाली घातले.